दापोऱ्याची शाई

नागपूर,
८ ऑगस्ट १९५५

प्रिय ताई,

आधी नमस्कार, मग खुशाली, मग बातमी, हा क्रम तूच शिकवलास. पण आज बातमी पोटात मावत नाही, तेव्हा खुशाली शेवटी विचारतो. लाल पेन्सिल हातात घेतली असशील तर खाली ठेव.

सरकारने आमच्या विद्यापीठाला एक योजना दिली आहे. आजवर इथलं संशोधन म्हणजे प्रबंध लिहायचा, त्याला कापडी बांधणी करायची आणि कपाटात ठेवायचा. आता सरकार म्हणतं, प्रयोगशाळेत जे सापडेल त्याचा माल करा. वर्षभरात बाजारात विकता येईल अशी वस्तू दाखवा आणि तिचा कारखाना काढायला एखादा व्यापारी उभा करा. तोवरचा खर्च आम्ही हप्त्याहप्त्याने देऊ. आमच्या सरांना यातलं अनुदान मिळालं आहे. मी त्यांचा हंगामी सहायक, मार्चअखेरपर्यंतचा. वस्तू निघाली तर मी कायम होणार.

वस्तू कोणती ते ऐक. इथल्या इस्पितळात चादरींवर खुणा करायला अजून बिब्बा वापरतात. तो अंगाला लागून रोग्यांच्या पाठीवर फोड येतात. सरांनी बैठकीत विचारलं, बिब्ब्याच्या जागी दुसरं काय? मला एकदम दापोऱ्याची मालूमामी दिसली. लग्नकार्यात घरोघरच्या सतरंज्या एकत्र होतात आणि मग कोणाची कुठली यावरून भांडणं नकोत म्हणून मामी प्रत्येक घराची वेगळी खूण करून देते, केळीच्या रसाने. आपल्या आईची सतरंजी आठवते? सूत विरून गेलं, पण खूण जागची हलली नाही. मी हे बोललो आणि सरांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली.

तर ताई, रविवारी दापोऱ्याला जा. मामीकडून दोन बाटल्या रस आणि सगळी कृती घेऊन ये. कशासाठी ते मात्र सांगू नकोस. ती धास्ती घेईल, नाहीतर गावभर करील.

तुझा गुडघा कसा आहे?

तुझा,
नंदू

•

शनवारा, बुऱ्हाणपूर,
२१ ऑगस्ट १९५५

चि. नंदकुमार,

आशीर्वाद. गुडघा आहे तिथेच आहे.

दापोऱ्याला गेले होते. मामीला सगळं सांगितलं. तू नको म्हणाला होतास, पण मी दिवसभर साठ मुलींना खरं बोला म्हणून सांगते आणि रविवारी मामीशी खोटं बोलू, हे मला जमायचं नाही. ती धास्तावली वगैरे काही नाही. केळीच्या वाळल्या पानांवर बसून पोटभर हसली. म्हणाली, "डाग काढासाठी सोडा इकतात, आता डाग पाडासाठी बी काही इकतील का?"

मामा गेल्यापासून बाग तीच बघते हे तुला ठाऊक आहे. धुरपदाबाई आणि आणखी चौघी तिच्याबरोबर कामाला असतात. सहाही जणींची लुगडी केळीच्या डागांनी अशी भरली आहेत की मूळ रंग कोणता ते त्यांनाही सांगता यायचं नाही. शाळेत कोणी तशी आली तर मी तिला बाहेर उभी केली असती, असा विचार मनात आला आणि स्वतःचीच लाज वाटली.

कृती तिने सांगितली तशी लिहिते. घड उतरवलेल्या केळीचा खांब कापायचा. घड न धरलेल्या झाडाचा रस पातळ, तो चालत नाही. तुकडे ठेचून रस गाळायचा, दोन दिवस ठेवायचा आणि काडीने खूण करून कापड उन्हात टाकायचं. बस, एवढंच. रसाच्या दोन बाटल्या भुशात बांधून रेल्वेने पाठवल्या आहेत. बाटल्या माझ्या आहेत, परत पाठवणे.

शारदा

•

नागपूर,
१४ ऑक्टोबर १९५५

प्रिय ताई,

बाटल्या पोचल्या. पण आमचं घोडं तिथेच अडलं आहे.

मामीची कृती आम्ही अक्षर न् अक्षर केली. काचेची स्वच्छ भांडी, गाळलेलं पाणी, मोजलेलं तापमान, सगळं चोख. खूण उमटते, पण फिकी तपकिरी. इस्पितळाच्या धोब्याची भट्टी म्हणजे उकळता सोडा. तिसऱ्या भट्टीत खुणेच्या जागी फक्त पिवळट सावली उरते. चौदा वेळा करून पाहिलं. नागपूरच्या बाजारातले खांब आणून पाहिले, तुझ्या बाटल्यांतला रस वापरून पाहिला, फरक नाही.

सर वैतागले आहेत. फेब्रुवारीत पाहणी समिती येणार. शिवाय राज्यांच्या पुनर्रचनेचा अहवाल आला आहे. नागपूर एका राज्यात आणि बुऱ्हाणपूर दुसऱ्यात, असं होणार हे आता नक्कीच समज. मग हे अनुदान कोणाचं, यावर दोन सरकारं वर्षभर कागद फिरवत बसतील. म्हणून सरांना घाई आहे. बुऱ्हाणपूरचे मोतीलाल शेठ, ज्यांचं कापसाचं जिनिंग आहे, ते कारखाना काढायला तयार झाले आहेत.

सर काल म्हणाले, खेड्यातली माणसं अर्धं सांगतात आणि अर्धं पोटात ठेवतात. मला ते ऐकवलं नाही. पण ताई, मामीने काही राखून तर ठेवलं नसेल? तू एकदा तिथे राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आणि तिच्या हातची खूण केलेलं एक फडकं पाठव.

नंदू

•

शनवारा, बुऱ्हाणपूर,
२० नोव्हेंबर १९५५

चि. नंदकुमार,

"मला ते ऐकवलं नाही" असं लिहून पुढच्याच ओळीत तेच तू विचारतोस. दहा वर्षं मामीच्या हातच्या भाकरी खाल्ल्यास. तुझी मुंज तिच्या अंगणात झाली. तिने पोटात ठेवलं असेल तर ते तुझ्याबद्दलचं कौतुक, दुसरं काही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस दापोऱ्याला राहिले. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सगळं पाहिलं. मामीने काही लपवलं नव्हतं. एक गोष्ट तिने सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे असं तिला वाटलंच नाही. मी ती दाखवली तेव्हा तीच चकित झाली. "मले कोणी इचारलं का?" म्हणाली. तिथेच बसून मी दोन फडक्यांवर दोन खुणा केल्या, एक तुमच्या रीतीने, एक तिच्या. मग शनवाऱ्यातल्या आपल्या परटाकडून सात भट्ट्या लावून घेतल्या. तुमची तिसऱ्या भट्टीत गेली. मामीची सातव्या भट्टीनंतर अधिक काळी झाली. ते फडकं सोबत पाठवते आहे.

तेव्हा तुमचं कुठे चुकतं ते मला कळलं आहे. पण ते मी लिहिणार नाही.

रागावू नकोस, किंवा रागाव, माझी हरकत नाही. आधी मला सांग, त्या योजनेच्या कागदावर मामीचं नाव कुठे आहे? शाई तिची. तिला हे तिच्या सासूने शिकवलं आणि धुरपदाबाईच्या आईने रसाची पारख दिली. कारखाना निघाला तर तो तापीकाठी निघावा, जिथे केळी आहेत, आणि त्यात या सहा जणी भागीदार असाव्यात, खांब वाहून देणाऱ्या मजूर नव्हेत. हे तुझ्या सरांच्या सहीने लिहून आलं की उलट टपालाने कृती पाठवते. तोवर एक शब्द मिळणार नाही. मामीला मी हे सगळं सांगून विचारलं. तिने होकाराची मान डोलावली आणि कामाला लागली.

शारदा

•

नागपूर,
२ डिसेंबर १९५५

प्रिय ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. फडकं सरांना दाखवलं, ते खुर्चीतून उठून उभे राहिले. मग मी तुझ्या अटी सांगितल्या, तर पुन्हा बसले.

ताई, रागाने नाही, समजुतीने ऐक. योजनेच्या अर्जात रकाने छापलेले आहेत. शोधकर्त्याचं नाव, पदवी, संस्था. मामीच्या पदवीच्या जागी काय लिहायचं? सर म्हणतात, डागावर कोणाची मालकी नसते. शेतातल्या बाईला जे घडतं ते माहीत असतं, ते का घडतं हे आम्ही शोधतो आणि शोध त्यालाच म्हणतात. हे अगदीच चूक आहे असं मला म्हणवत नाही. ज्ञान सगळ्यांचं असतं, हे तूच मला लहानपणी सांगायचीस.

अर्जात सरांचं नाव पहिलं आहे आणि दुसरं माझं. हे तुला आनंदाने लिहिणार होतो. सरांनी मामीचे आभार छापायचं कबूल केलं आहे, अहवालाच्या शेवटी, वेगळ्या ओळीत.

मार्चनंतर माझ्या हाताला काम नसेल. बुऱ्हाणपूरला येऊन मी काय करू? तिथे रसायनशास्त्र शिकवायला कॉलेजही नाही. मी सरांना शब्द देऊन बसलो आहे की माझी बहीण मला नाही म्हणणार नाही. मला तोंडघशी पाडू नकोस.

नंदू

•

शनवारा, बुऱ्हाणपूर,
२७ डिसेंबर १९५५

चि. नंदकुमार,

तू दिलेला शब्द तुझा आहे. माझ्या वतीने शब्द द्यायला मी तुला कधी बसवलं?

ज्ञान सगळ्यांचं असतं असं मी म्हणत होते आणि आजही म्हणते. तुमचे सरही तेच म्हणतात ना? मग मोतीलाल शेठने काय केलं ते वाच.

गेल्या मंगळवारी त्यांचा मुनीम सुकलाल दापोऱ्याला गेला. पांढरंशुभ्र धोतर, बगलेत कागद. शाळेला सुट्टी होती म्हणून मी तिथेच होते. कागदावर मामीचा अंगठा हवा होता. मी तो मोठ्याने वाचला. दहा वर्षं बागेतले सगळे खांब शेठलाच द्यायचे. आणि खाली बारीक अक्षरांत असं की या मुदतीत मालूबाईने किंवा तिच्या बायकांनी केळीच्या रसाने कोणाच्याही कापडावर खूण करायची नाही. सतरंज्यांवरसुद्धा का, असं मामीने विचारलं. सुकलाल म्हणाला, सतरंज्यांवरसुद्धा, कानून म्हणजे कानून.

मामी उठली. मला वाटलं अंगठा द्यायला उठली. तिने रसात काडी बुडवली आणि सुकलालच्या धोतरावर, गुडघ्याच्या वर, तीन ठिपके दिले. अगदी शांतपणे, सतरंजीवर देते तसे. मग म्हणाली, "हे निघलं त घेऊन ये, मी अंगठा देते. तुह्या शेठले सांग, मालूबाईची बोली हाये."

सुकलालने आपल्याच परटाकडे धोतर टाकलं, म्हणून मला पुढचंही कळलं. चार भट्ट्या झाल्या आहेत. परटाने हात टेकले आहेत आणि सगळा शनवारा हसतो आहे. अजून कोणी अंगठा न्यायला आलेलं नाही.

नंदू, तुझ्या नोकरीची मला काळजी नाही असं समजू नकोस. मलाही झोप लागत नाही. पण ज्ञान सगळ्यांचं म्हणून मामीचं फुकट घ्यायचं आणि मग त्याच मामीला सतरंजीवर खूण करायची बंदी घालायची, या व्यवहारात तुझं नाव दुसरं आहे. तुझ्या त्या दुसऱ्या नावाचा मला आनंद झाला नाही. खोटं कशाला लिहू?

शारदा

•

नागपूर,
१९ फेब्रुवारी १९५६

प्रिय ताई,

दोन महिने पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. लिहायला तोंड नव्हतं. आज आहे, म्हणून लिहितो.

शेठच्या कागदाचं मला ठाऊक नव्हतं. सरांना विचारलं तर ते म्हणाले, व्यापारी आहे, तो आपली बाजू बघणारच. मी प्रयोगशाळेत परतलो. जानेवारीभर रोज नव्या रीतीने रस उकळत होतो. जमलं नाही.

काल समिती आली. तिघे होते. एक सचिवालयातले, एक विद्यापीठाचे आणि तिसऱ्या म्हणजे इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई, ज्यांचे रोगी बिब्ब्याने बेजार आहेत. सकाळी सरांनी मला खोलीत बोलावलं. तू पाठवलेलं मामीचं फडकं माझ्या हातात दिलं. म्हणाले, समितीसमोर हे आपलं म्हणून दाखव, अनुदान पुढे चालू राहील, कृती काय आज ना उद्या सापडेलच. आणि शेवटी म्हणाले, तुझ्या कायम नेमणुकीचा कागद टेबलावर आहे. तो मी पाहिला, ताई. माझं नाव टंकलेलं होतं.

मी फडकं घेऊन गेलो. समितीसमोरच ते उकळत्या सोड्यात घातलं आणि अर्ध्या तासाने बाहेर काढलं. खूण तशीच. डॉक्टरीणबाईंनी ते हातात घेतलं, नखाने खरवडलं, वास घेतला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "हे तुम्ही केलंत?"

मला मुनिमाच्या धोतराची गोष्ट आठवली. हसू आलं असं लिहिलं असतं, पण आलं नाही. मी म्हणालो, "नाही. ही खूण माझ्या मामीची आहे, दापोऱ्याची. आम्हाला हे अजून जमलेलं नाही."

सरांनी घसा खाकरला. मग बराच वेळ इंग्रजीत बोलणं झालं. शेवटी सचिवालयातले गृहस्थ म्हणाले की ज्या बाईची ही रीत आहे तिचं ना हरकत पत्र आणा, विद्यापीठाने हा शोध आपल्या नावावर करायला तिची हरकत नाही असं. त्याशिवाय पुढचा हप्ता मिळणार नाही. डॉक्टरीणबाईंनी जाताना मामीचा पत्ता विचारला आणि आपल्या वहीत उतरवून घेतला.

आता ते ना हरकत पत्र छापून दापोऱ्याला येईल. सरांनी मला स्पष्ट सांगितलं आहे की मामीचा अंगठा आला तर झालं गेलं विसरू आणि मी कायम. नाही आला तर एकतीस मार्चला चावी जमा करायची. ताई, हे मी तुला सांगितलं, पण मामीला वाचून दाखवू नकोस. माझ्यासाठी म्हणून ती अंगठा देईल. तिचा स्वभाव तुला माहीत आहे. मला तसा नको आहे.

नंदू

•

शनवारा, बुऱ्हाणपूर,
११ मार्च १९५६

माझ्या नंदू,

तुझं पत्र हातात घेऊन मी रडले. शाळेत, मुलींसमोर. मुलींना वाटलं कोणी गेलं. मी त्यांना म्हटलं, कोणी गेलं नाही, माझा भाऊ परत आला. त्यांना काही कळलं नाही.

आता तुझा हक्क आहे, तेव्हा ऐक. तुम्ही सगळं काचेत ठेवता. मामी रस लोखंडाच्या घमेल्यात ठेवते, गंजलेल्या, कधीही न घासलेल्या. तो गंज रसात उतरतो आणि रस काळा होतो. बाटलीत भरून तुला पाठवला तो ताजा रस होता, घमेल्याला शिवलाही नव्हता. मी स्वतःच तो स्वच्छ भांड्यात गाळून घेतला, नागपूरला जाणार म्हणून. चूक माझी होती आणि तुम्ही ती चौदा वेळा केलीत. लोखंड का लागतं ते तू शोध. ते काम तुझंच आहे आणि त्यावर तुझं नाव पहिलं लिहू.

ना हरकत पत्र आलं. तुझं पत्र मामीला वाचून दाखवू नकोस म्हणालास. मी वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीपर्यंत. खोटं मला जमत नाही हे तुला ऑगस्टपासून माहीत आहे. तिने ते दोनदा वाचायला लावलं. मग बराच वेळ अंगणात फेऱ्या घातल्या. तिच्यासाठी ते सोपं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं आणि उत्तर सांगितलं. मी तिचा एक शब्दही सुधारला नाही. तुझ्या सरांना पाठवलं त्याची नक्कल सोबत देते आहे.

एकतीसला चावी दे आणि पहिल्या गाडीने ये.

तुझी ताई

•

दापोरा,
९ मार्च १९५६

मोठ्या सरांले मालूबाईचा नमस्कार.

तुमचा कागद भेटला. शारदानं वाचला, मी आयकला. त्याच्यात लिहेल हाये का ही शाई विद्यापीठाची व्हय अन् मले त्याची काही हरकत नाही. हे तुम्ही लिहेल हाये सर, मी नाही बोलली.

नंदूची नोकरी माह्या अंगठ्यावर ठेवली असं समजलं. मले वाईट वाटलं. तीन दिवस भाकर गोड नाही लागली. पण नंदू माह्या नणंदेचा पोरगा हाये, गहाण ठेवेल भांडं नाही. त्याले काढाचं त काढा. तो तुमच्या इथं खरं बोलला, आता त्यानं कुठं बी काम केलं तरी मले चालते.

तुमच्या इस्पितळाच्या डाक्टरीणबाईचं पत्र आलं. त्यायनं चाळीस बाटल्या मांगल्या. आम्ही सहा जणी भरून राह्यलो. बाटलीवर शारदा कागद चिकटवते, त्याच्यावर दापोरा लिहेल हाये अन् सहाही जणींचे नावं हायेत. सरकारचा पैसा आमच्या नावानं येत नसन त नको येऊ. राज्य इकडं गेलं का तिकडं, केळी इथंच हायेत अन् आम्ही बी इथंच.

तुमच्या पोरांले शिकाचं असन त पाठवा. जुने कपडे घालून येजा म्हना. हातानं दाखवू, काही लपवनार नाही, जेवू घालू. पण शिकून गेल्यावर आमचं नाव पुसाचं नाही.

तुमच्या कागदावर खाली अंगठ्यासाठी जागा सोडेल हाये. त्याच्या वर छापेल ओळ मी शारदाकडून खोडून घेतली अन् तिथं माही ओळ लिहाले लावली. अंगठा मी सोताच देल्ला, आमच्याच शाईचा. ओळ अशी हाये:

मले हरकत हाये.